पाचव्या काठीजवळचा बर्फ

तुमच्या पायाखालची जागा पक्की आहे असं ज्याने तुम्हाला सांगितलं, त्याने ती स्वतः तपासली होती का? कधी विचारलंत त्याला?

मी नव्हतं विचारलं, नाना. तुम्ही भेटेपर्यंत मी नुसतीच सांगत सुटले होते.

परवा देवळाच्या मंडपात तुमची शोकसभा झाली. गावठाणातली माणसं होती, रुळांच्या अलीकडे राहणारी आमच्या सोसायट्यांमधलीही आली होती. खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा काही जण पायऱ्यांवर बसले. सगळ्यांच्या हातात मी लिहिलेलं पत्रक होतं. त्यातली तिसरी ओळ तुमच्या पुतण्याने माइकवरून दोनदा वाचली: 'चौदा हिवाळे बर्फ मोजणाऱ्या या माणसाचा एकही आकडा कधी चुकला नाही.' लोकांनी माना डोलावल्या. मागच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसले.

ती ओळ खोटी आहे. हे तुमच्या बायकोला, आमच्या काकीला माहीत होतं, मला माहीत होतं आणि सगळ्यांच्या आधी तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मंडपात असतात तर उठून एवढंच विचारलं असतंत, 'कोनी मोजला?'

म्हणून हे लिहिते आहे. ते पत्रक ज्या घरांत गेलं, त्याच घरांत हेही जाणार आहे. लिहिलंय तुम्हाला, पण वाचायचं सगळ्यांनी.

माझं लहानपण दिघ्यात गेलं, हे तुम्हाला मी शंभर वेळा ऐकवलंय. शाळेत 'अ' अननसाचा होता, आमच्या घरी अन्यायाचा. पप्पा कारखान्यातून आले की जेवायच्या आधी युनियनची पत्रकं घड्या घालायला बसायचे आणि मी त्यांच्या शेजारी. वर्तमानपत्राच्या आधी मी पत्रकं वाचायला शिकले. पप्पांचा एक नियम होता: पत्रकात शंका लिहायची नाही. शंका घेऊन माणूस मोर्चाला येत नाही. तो नियम मी घेतला आणि जुईनगरला राहायला आल्यावर तुमच्या गावच्या तळ्यावर पहिलं पत्रक काढलं. 'जागे व्हा! तळं मेलं! बारा फूट गाळ! जबाबदार कोण?'

तुम्ही ओट्यावर जाळं सांधत बसला होता. मी पत्रक पुढे केलं. तुम्ही चष्मा पुसला, सावकाश सगळं वाचलंत आणि वर पाहिलंत.

'यो कागद तू लिवलास?'

'हो, मीच.'

'या काठ्या कवऱ्या उभ्या केल्यास गो? कुंपन घातलंस का तल्याला?'

तुम्ही उद्गारचिन्हं मोजत होता, हे कळायला मला वेळ लागला. मला राग आला. एवढ्या उन्हात गावासाठी फिरतेय आणि हा म्हातारा चेष्टा करतोय.

'आनि बारा फूट गाल. कोनी मोजला?'

'सगळे म्हणतात.'

'सगले उतरलेले तल्यान?'

आतून काकी हसल्याचा आवाज आला. तुम्ही जाळ्यात मान घालून म्हणालात, 'उद्या सकालनं सातला ये, बाय. चप्पल घालून येव नको, चिखलान जाल.'

मी भांडायला म्हणून आले. तुम्ही थर्माकोलच्या दोन लाद्या बांधून केलेला तराफा पाण्यात ढकलला होता. हातात एक लांब बांबू, त्यावर दर फुटाला लाल रंगाचा पट्टा. आणि दोरीला बांधलेलं डब्याचं पत्र्याचं झाकण. झाकण हळूच पाण्यात सोडायचं, ते गाळावर जाऊन टेकतं. मग त्याच जागी बांबू खुपसायचा, तो गाळातून खाली जाऊन कडक तळाला लागतो. दोन्हींतला फरक तेवढा गाळ. इतकं सोपं होतं, नाना. इतकं सोपं होतं आणि तळ्याविषयी तावातावाने बोलणाऱ्या आमच्यापैकी एकानेही ते केलेलं नव्हतं.

ऊन चढेपर्यंत आपण फिरलो. तुम्ही आकडा सांगायचात, मी लिहायची. एका जागी मी 'अंदाजे तीन' लिहिलं, तर तुम्ही वही हातातून घेऊन 'अंदाजे' खोडलंत आणि बांबू पुन्हा खुपसलात. बारा फूट कुठेच निघाला नाही. बहुतेक ठिकाणी दोन, अडीच, तीन. फक्त गणपती बुडवतात त्या घाटाच्या शेवटच्या पायरीपुढे बांबू जातच राहिला. गाळ माझ्या छातीइतका होता.

मला रडू यायचं बाकी होतं. 'तीन फुटांवर कोण चिडणार, नाना?'

'चिडवाचाच हाय का? मंग मीठ-मिरची टाक. आकडा कशाला टाकतंस?'

दुसरं पत्रक तुमच्या वहीवरून निघालं. त्यात नकाशा होता, जागा होत्या, प्रत्येक जागेपुढे गाळ. उद्गारचिन्ह एकच ठेवलं होतं, तेही घाटाच्या पायरीपुढे. पप्पांनी ते पाहून विचारलं, 'हे पत्रक आहे की परीक्षेचा पेपर?' पण पहिल्या पत्रकाला हसून बाजूला ठेवणारे महापालिकेचे साहेब दुसरं पत्रक हातात घेऊन तळ्यावर आले. त्यांनी तुमचा बांबू मागितला, स्वतः खुपसला आणि वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिला. मग दुसऱ्या जागी. मग तिसऱ्या. त्यानंतर ते हसले नाहीत. त्या वर्षी विसर्जनाला शेवटच्या पायरीवर दोर लागला आणि तुमच्या अक्षरातली पाटी लागली: 'पुढं गाळ छातीपर्यंत. उतरू नका.'

त्या दिवसापासून मी रोज यायला लागले. घरी सांगायची, तळ्याच्या कामाला जाते. खरं तर तुमच्याकडून शिकायला यायची.

तुम्ही बर्फ मोजायचात हे मला काकीकडून कळलं. मला वाटलं, बर्फाच्या कारखान्यात असाल. मिठागराच्या काठावर वाढलेला माणूस गोठलेल्या तळ्यावर चौदा हिवाळे काढून आला असेल, हे डोक्यात कसं यावं? तुम्हाला विचारलं तर म्हणालात, 'सांगून नाय समजाचा. शुक्रवारी ये. त्या दिशी मासली जास्त येतं.'

शुक्रवारी ओट्यावर मासळीसाठी आणलेली बर्फाची अख्खी लादी होती आणि तुमच्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं गिरमिट. सुताराचं असतं तसंच, पण कमरेइतकं उंच, वर आडवी मूठ, खाली पातं. खोबरेल लावून ठेवलेलं. तुम्ही लादीवर ते टेकवलंत आणि दोन्ही हातांनी फिरवायला लागलात. बर्फाचा चुरा ओट्यावर सांडायला लागला.

काकी बाहेर आल्या. 'मेल्या, ती लादी सुरमईला आनलेली हाय!'

'पोरीला शिकवतंय.'

'सुरमई नासली ना, मंग दोघं बसा बर्फ चोखीत!'

तुम्ही फिरवतच राहिलात. गिरमिट आरपार गेलं तसा आवाज बदलला. तुम्ही थांबून माझ्याकडे पाहिलंत, ऐकलंस ना, अशा नजरेने. मग टोक आडवं वाकवलेली लोखंडी पट्टी भोकातून खाली सोडलीत आणि वर ओढलीत. वाकवलेलं टोक लादीच्या खालच्या अंगाला अडकलं. 'आते वाच.' पट्टीवर रेघा होत्या. मी वाचलं. 'यवराच बर्फ. वरती कवरा पन चमको.'

त्या दुपारी तुम्ही जेवढं बोललात तेवढं पुन्हा कधी बोलला नाहीत. नोकरी पाण्याचं मोजमाप करणाऱ्या सरकारी खात्यातली. हिवाळ्यात लडाखच्या एका तळ्यावर पाठवायचे. काम काय, तर पाणी किती गोठतं ते रोज लिहायचं आणि महिन्याला साहेबाकडे धाडायचं. तळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत पाच काठ्या रोवलेल्या. रोज सकाळी प्रत्येक काठीजवळ नवं भोक, नवं माप. जुनं भोक बर्फाने बुजवून त्यावर खूण, म्हणजे कुणाचा पाय जायला नको.

पण त्या तळ्यावरून माणसं जायची. काठाने वळसा घातला तर अर्धा दिवस, बर्फावरून गेलं तर तासाभरात पलीकडे. तीच माणसं तुम्हाला येऊन विचारायला लागली, आज जाऊ का? ते खात्याचं काम नव्हतं. कुणी सांगितलेलं नव्हतं. तुम्ही खोक्याची फळी काढून काठावर उभी केलीत आणि रोज खडूने त्यावर लिहायला लागलात. ज्यांना आकडे वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी रेघा: एक वीत बर्फाला एक रेघ. एकही रेघ नसेल तर कुणीही पाय ठेवायचा नाही. एक रेघ असेल तर माणूस जाईल, दोन असतील तर ओझ्याचं जनावर. काळसर दिसणारा स्वच्छ बर्फ पुरा धरायचा, पांढरा दुधाळ बर्फ अर्धाच धरायचा.

आणि मग तुम्ही ते सांगितलंत, ज्याच्यासाठी मी तुमच्यापुढे आजही हात जोडते. साहेबाला पाच मापांची सरासरी लागायची. कागदावर ती जायची. फळीवर मात्र तुम्ही सरासरी कधीच लिहिली नाहीत. पाचांतलं सगळ्यात कमी माप तेवढं फळीवर.

मी विचारलं, 'का? सरासरी पण खरीच की.'

'सरासरीवर कोन चालत नाय, बाय. पाय परतो तो एके जाग्याव.'

नाना, मी अर्थशास्त्राचं पुस्तक वाचलंय, आंदोलनाच्या शिबिरांना गेलेय, मोठमोठ्या माणसांची भाषणं ऐकलीत. राज्य कुणासाठी चालवायचं, हे मला एका वाक्यात सांगणारे तुम्हीच पहिले. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि त्याचं पत्रक करू म्हणाले. तुम्ही म्हणालात, 'पयली लादी उचल. काकी मारील.'

हे सगळं आलं कुठून, याचा मी खूप विचार केला. एकदा तुम्ही मला तुमच्या बापाच्या मिठागराची जागा दाखवायला नेलंत. आता तिथे भराव आहे आणि पलीकडे इमारती. तुम्ही सांगितलंत, की मीठ धरायला लागलं की वर पातळ पापुद्रा येतो, तो फुटायच्या आत खाली काय आहे ते बाप तळपायाने ओळखायचा. लहानपणी तुम्ही त्याच्या पाठून चालायचात, त्याने पाय ठेवला तिथेच पाय ठेवून. 'पुढं चालतंय त्यानी पाय जपून ठेवाचा. मागच्याचा भरवसा हाय त्याच्याव.' तळ्यावरही तुम्ही तेच केलंत. माप घ्यायला बर्फावर पहिला पाय तुमचा पडायचा, अजून फळी कोरी असताना. त्या वेळी तुम्हाला सांगणारं कुणीच नसायचं.

एवढंच लिहून थांबले असते तर हा लेखही परवाच्या पत्रकासारखाच झाला असता. आता ती गोष्ट.

तुम्ही ती मला सांगितलीत ती तळ्याच्या पायरीवर, पाटीला नवा रंग देताना. माझ्याकडे न पाहता. लडाखच्या त्या तळ्याकाठच्या गावात आंगमो नावाची बाई होती, तुमच्याच वयाची. दोन दिवसाआड गाढवावर जळण लादून तळं ओलांडायची आणि परतताना तुमच्या तंबूशी थांबून किटलीतला खारट चहा द्यायची. वाचता येत नव्हतं. रेघांकडे बघायची, तुमच्याकडे बघून बोटं दाखवायची, तुम्ही मान हलवली की निघायची.

एकदा तीन दिवस बर्फ पडत राहिला. कुणी बाहेर पडलं नाही. चौथ्या सकाळी आभाळ मोकळं झालं आणि त्या साऱ्या हिवाळ्यात पडली नव्हती एवढी थंडी पडली. तुम्ही निघालात. सोबतीचा माणूस तापाने पडलेला, त्यामुळे एकटेच. पातं बोथट झालेलं, दुसरं मागवून महिना झाला होता. पहिल्या काठीजवळ माप वाढलेलं. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या काठीजवळही वाढलेलं. चौथं भोक पाडून झाल्यावर बोटं मुठीवरून सुटेनात.

पाचवी काठी पलीकडच्या काठाजवळ होती. तिथे डोंगरातून येणारा ओढा तळ्याला मिळायचा. तिथलं माप नेहमीच सगळ्यांत कमी. तीन दिवसांपूर्वी ते दोन विती होतं.

'मी पाचवं भोक पाडला नाय,' तुम्ही म्हणालात. 'मना वाटलं, चारी जाग्याव वाढलाय, थंडी यवरी परलेय, तर तिकरं कमी कसा व्हईल? लय तर वाढला असंल. कमी धरावा म्हनून जुनाच लिवला. दोन.'

कागदावर ते बरोबर होतं. मी असते तर मीही तेच केलं असतं. तुम्ही तर वाढीव काही लिहिलंच नव्हतं, उलट जपून जुनं माप धरलं होतं. पण वाऱ्याने तीन दिवसांचा भुसभुशीत बर्फ डोंगराच्या आडोशाला, त्या काठीपाशीच गोधडीसारखा साचवला होता, तिथे थंडी खाली पोहोचलीच नव्हती आणि ओढ्याचं वाहतं पाणी खालून बर्फ खात होतं. हे तुम्हाला ठाऊक होतं. त्या तळ्यावर तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याला माहिती नाही तो घाबरून भोक पाडतो. तुमच्यासारख्या जाणत्यालाच वाटतं, की एक दिवस न पाडता चालेल.

फळीवर दोन रेघा आल्या. आंगमोने बोटं दाखवली. तुम्ही मान हलवलीत.

पाचव्या काठीजवळ गाढव आधी गेलं. तिने दोर सोडला नाही म्हणून ती कमरेपर्यंत गेली. पलीकडच्या काठावरच्या माणसांनी तिला ओढून काढलं. गाढव गेलं. तिच्या डाव्या पायाची सगळी बोटं कापावी लागली.

तीन दिवसांनी तिचा नवरा तुमच्या तंबूशी आला. तुम्हाला वाटलं, मारायला आलाय, आणि तुम्ही उभे राहिलात, मारू दे म्हणून. त्याने किटली पुढे केली. तिने पाठवला होता चहा. आपल्याला चालता येत नाही म्हणून तुमचा चहा चुकायला नको, असं म्हणाली होती.

'तो चहा मी प्यायलू, बाय. नाय बोललू असतो तर तिचा अपमान झाला असता. पन तो अजून इकरं हाय.' तुम्ही गळ्याला हात लावलात. हाताला रंग होता, तो गळ्याला लागला.

खात्याच्या कागदात लिहिलं गेलं, नैसर्गिक कारण. तुमच्या वहीवर कुणी बोट ठेवलं नाही. तुम्हीच त्या पानावरच्या पाचव्या मापाभोवती शाईने गोल केलात आणि पुढे लिहिलंत: 'हे मोजलेलं नाही.' त्यानंतर आणखी नऊ हिवाळे तुम्ही तिथे गेलात. त्या नऊ हिवाळ्यांत दिवसाची सुरुवात पाचव्या काठीपासून केलीत.

इथून आपलं भांडण सुरू झालं, नाना, आणि ते संपलं नाही.

तुम्ही म्हणालात, 'यो लिव. तुज्या कागदाव. माज्या नावानी.'

मी म्हणाले, लिहीन, पण आधी त्यांचं लिहीन ज्यांनी एका बोथट पात्यावर अख्खा हिवाळा ढकलला. दुसरा माणूस का दिला नाही? लोकांना सांगायची फळी ही खात्याची जबाबदारी का नव्हती? वर बसलेल्यांची चूक खाली उभ्या असलेल्या माणसाने आपल्या डोक्यावर घ्यायची, हेच तर त्यांना हवं असतं! आमच्या दिघ्यात मशीनमध्ये बोट गेलं की पहिलं लिहिलं जातं 'कामगाराचा निष्काळजीपणा'. त्यात मी भर घालू?

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. 'सायबाचा पन लिव. सगला लिव. पन पयला माजा. पाता बोथट व्हता यो खरा. पन पाता बोथट हाय असा मी फलीवर लिवला नाय. दोन लिवला.'

'लोक चौदा हिवाळे विसरतील, नाना. ती एक सकाळ तेवढी लक्षात ठेवतील.'

'लोक काय इसरतील ते तू कोन ठरवनारी?'

मी चिडून आठ दिवस आले नाही. मला वाटत होतं, मी तुम्हाला वाचवतेय. आता वाटतं, मी माझ्या पत्रकाला वाचवत होते. मला गरिबांच्या बाजूचा एक निर्दोष माणूस हवा होता. तुम्ही निर्दोष नव्हता. तुम्ही त्याहून दुर्मिळ होता: फळीवर लिहिलेल्या खोट्या मापाची दुरुस्ती करायला म्हातारपणी धडपडणारे. मी हक्कांच्या मागण्यांवर किती लिहिलंय, पण 'माझं चुकलं' ही मागणी घेऊन माझ्याकडे आलेले तुम्ही एकटेच.

आठ दिवसांनी काकीचा फोन आला. तुम्हाला वाशीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी आले तेव्हा नाकात नळी होती, तरी तुम्ही ओळखलंत.

'पत्रकवाली आयली.' मग थोडा दम घेऊन, 'लिवलंस?'

मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. पण तुमचा चेहरा पाहिला आणि म्हणाले, 'हो नाना. लिहून झालंय.'

तुम्ही डोळे मिटलेत. 'उद्या वाचून दाखव.'

मी घरी येऊन लिहायला बसले. माझं पहिलंच वाक्य साहेबावर गेलं. खोडलं. दुसरं तुमच्या कौतुकावर गेलं. तेही खोडलं. सकाळी तुम्ही गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्यापुढे कोरा कागद होता.

मीही पाचवं भोक न पाडता माप सांगितलं, नाना. तुम्हालाच सांगितलं. आणि तुम्ही माझ्या शब्दावर भरवसा ठेवून डोळे मिटलेत, जशी आंगमो तुमची मान हललेली पाहून निघाली होती. तुमच्याकडून इतकं शिकून मी इतकंच शिकले होते.

आणि त्यावर कळस म्हणजे ती तिसरी ओळ. शोकसभेच्या आदल्या दिवशी पुतण्या म्हणाला, काहीतरी छान लिही, लोक जपून ठेवतील असं. माझ्या हाताला सवय आहे, नाना. शंका नसलेलं वाक्य माझ्या हातून आपोआप उतरतं.

सभा संपल्यावर सगळे पांगले. काकी मंडपाच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. मला जवळ बोलावलं. पत्रक त्यांच्या मांडीवर होतं.

'यो एकपन आकडा चुकला नाय म्हनून कोनी सांगतला तुना?'

'काकी, मला वाटलं...'

'तुना वाटला.' त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच जास्त लागलं. 'सुट्टीव आयले तवा मना त्यांनी सगल्यांच्या आधी ती बाईचा सांगतला. पोरांना खाऊ मागनं दिला, आधी तो सांगतला. तवापासून दर थंडीन मना सांगतात. सांगाचे.' त्यांनी पदराखालून एक वही काढली. 'त्यांची चूक व्हती ती. त्यांची. तू कशाला घेतलीस काढून?'

वही उघडली तर ते पान सापडायला शोधावं लागलं नाही. इतक्या वेळा उघडलेलं की वही आपोआपच तिथे उघडते. पाच ओळी. पाचवीभोवती गोल. शाई फिकी झालीय, तरी वाचता येतं: 'हे मोजलेलं नाही.' खाली, नंतर कधीतरी वेगळ्या शाईत, आंगमोचं नाव.

साहेबाविरुद्धची माझी बाजू मी सोडलेली नाही, हे सांगून ठेवते. बोथट पात्याबद्दल मी लिहिणार आहे, आणि त्यात उद्गारचिन्हं असतील, तुम्ही कितीही हसलात तरी. पण तुम्ही सांगितलेला क्रम पाळतेय. आधी तुमचं. त्याच्या शेजारी माझं.

आता वाचणाऱ्यांना. तुमच्या घरात माझं ते पत्रक असेल. काहींनी नानांच्या फोटोखाली ठेवलंय, काहींनी फ्रिजवर लावलंय, मी पाहिलंय. ते काढा. पेन घ्या. तिसरी ओळ आडवी खोडा, पण अशी खोडा की खालचं वाचता येईल. माझी चूकही दिसली पाहिजे. आणि खाली तुमच्या अक्षरात लिहा: 'एका सकाळी पाचव्या काठीजवळचा बर्फ न मोजता त्यांनी दोन विती लिहिला. आंगमोच्या पायाची बोटं गेली. हे त्यांनी स्वतः सांगितलं.'

मग ते पत्रक होतं तिथेच परत लावा.